दोनशे चाळीसचे दोनशे छत्तीस

धुळ्याच्या देवरे सरांनी मला चार विभाजकांना फसवलं. भर सभागृहात, शाळाशाळांच्या मास्तरांसमोर, गोड बोलून फसवलं, आणि आजवर त्याचा जाब दिलेला नाही. विभाजक म्हणजे एखाद्या संख्येला बाकी न उरता भागणारी संख्या. बाराचे विभाजक एक, दोन, तीन, चार, सहा आणि स्वतः बारा, असे एकूण सहा. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या केळीच्या धंद्यातल्या लोकांना ही हकिगत सांगितली की ते विभाजक म्हणजे ट्रकचा एखादा सुटा भाग समजतात आणि म्हणतात, "जाऊ द्या ना शेठ, चार गेले तर गेले, नवीन टाकून घ्या." नवीन मिळत असते तर मी हे प्रकरण लिहायला बसलो नसतो.

आमचं घर धरणगावात, जिनिंगच्या मागच्या गल्लीत. कापसाच्या हंगामात जिनिंगची घरघर सकाळी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत, आणि हवेत इतका कापूस उडायचा की माय ताकावर झाकण ठेवायला विसरली तर ताकाला मिशा फुटायच्या. वडिलांना गावासारखं आम्हीही नानाच म्हणायचो. नाना गुरांच्या बाजारातले दलाल. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात धरून मध्ये उभं राहायचं, वरून टॉवेल टाकायचा आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव करायचा, हा त्यांचा धंदा. तोंडाने आकडा काढायचा नाही. तोंड मोकळं असायचं, म्हणून त्या तोंडाने बैलाची तारीफ, पावसाची चौकशी आणि समोरच्याच्या सासऱ्याची तब्येत एवढं सगळं चालायचं, आणि खाली बोटं एकमेकांचा गळा धरायची. बैलाचे दात कसे पाहायचे हे मला अक्षरं लिहिण्याच्या आधी येत होतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आलेला तो जुळलेला. खूर, खांदा, डोळा, शेपटीचा गोंडा. नाना म्हणायचे, जनावर पाहिलं की आधी त्याची जात ठरवायची, मग किंमत.

धंदा बाजारात राहिला असता तर ठीक होतं. आमच्याकडे तो चुलीपर्यंत आलेला होता. माझी माय बोटं दाबत नसे, पण भाव तिच्याइतका कोणी करत नसे. संध्याकाळी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा खरपूस वास सुटायचा, पाट्यावर मिरचीचा ठेचा रगडला जायचा, त्यावर कच्च्या तेलाची धार पडायची, आणि मग सौदा सुरू.

"कितल्या भाकरी खाशी?" माय विचारायची.

"पाच."

"पोट शे का पोतं? तीन ले."

"चार."

"साडेतीन. आनि उठताना ताट घासी टाक."

साडेतीनवर बसायचं. सकाळी उठायची वेळ, आंघोळीचं पाणी, मामाकडे किती दिवस राहायचं, सगळं असंच. यात एक रीत होती आणि ती मोडलेली नानांना खपत नसे. वडीलधाऱ्याने "काही मागेपुढे?" असं विचारलं, म्हणजे थोडं कमी होईल का म्हणून विचारलं, की आपण थोडं सोडायचं. फार नाही, शंभरामागे दीड-दोन. आपला आकडा बरोबर असला तरी सोडायचं, कारण समोरचा माणूस मान म्हणून मागतो. एकदा मोठ्या मामांनी मला "मागेपुढे?" विचारलं आणि मी पाचाच्या पाच भाकऱ्यांवर अडून बसलो, तेव्हा नानांनी ताट उचलून ओट्यावर ठेवलं. "मानूस मोठा शे, त्याना शबद खाली पाडस?" त्या दिवशी मी पाचही भाकऱ्या ओट्यावर एकट्याने खाल्ल्या, कुत्र्याच्या नजरेसमोर, आणि एकीलाही चव नव्हती. ही रीत मला हाडात मुरवण्यात आली होती, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे जे झालं त्यात माझा दोष किती आणि देवरे सरांचा किती, हे ठरवताना उपयोगी पडेल.

आमच्या शाळेत गणिताला महाजन सर होते. बारीक अंगाचे, सायकलवरून कायम वाऱ्याविरुद्ध निघालेले. मी गणितात बरा आहे हे त्यांना कळलं ते मी आमच्या वर्गातल्या संख्यांचे दात पाहायला लागलो तेव्हा. सर सांगायचे, संख्यांच्याही जाती असतात. जिला एक आणि स्वतः सोडून कोणीच भागत नाही ती मूळ संख्या. मी मनात म्हणायचो, हिला कोणाचंच जू चालत नाही, बाजारात आणू नये. जिचे स्वतःखेरीजचे सगळे विभाजक मिळवले तर बेरीज तिच्याहून कमी भरते ती न्यून; दहा घ्या, एक अधिक दोन अधिक पाच, आठच होतात. जिची बेरीज वर जाते ती विपुल, जसे बारा. आणि जिची बेरीज नेमकी तिच्याएवढी ती परिपूर्ण. अठ्ठावीस. एक, दोन, चार, सात, चौदा. मिळवा आणि बघा. मी घरी येऊन नानांना अठ्ठावीसची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी विडी विझवली आणि दोनदा बोटांवर बेरीज करून पाहिली. "जुळेल बैल शे हाऊ," ते म्हणाले. "आखो शेत का असा?" आणखी आहेत, म्हटलं, पण फार लांबलांब. "आसतीनच," नाना म्हणाले, "चांगलं जनावर कुठे गल्लोगल्ली सापडस?"

मोठ्या संख्येचे एकूण विभाजक किती हे एकेक न मोजता सांगायची युक्ती महाजन सरांनी शिकवली आणि मी वेडा झालो. संख्या मूळ संख्यांत फोडायची. कोणती किती वेळा आली ते बघायचं. प्रत्येक वेळेत एक मिळवायचा आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा. बारा म्हणजे दोन दोनदा, तीन एकदा. दोनात एक मिळवला तीन, एकात एक मिळवला दोन, तीन दुणे सहा. झालं. मी येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर फोडायला लागलो. वरण ढवळता ढवळता माय विचारायची, "फुटना का?" आणि मी सांगायचो, "नाही, मूळ निघाला," तेव्हा ती हळहळायची, जणू एखाद्याला मूलबाळ झालं नाही.

त्या वर्षी धुळ्याला धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांची गणिताची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला पितळी ढाल. महाजन सर आमच्या घरी आले, ओट्यावर बसले, आणि म्हणाले की हा मुलगा मॅट्रिकनंतर जळगावला कॉलेजात गेला पाहिजे. तिथे सरांच्या भावाचं घर होतं, राहील, खाईल. नानांना मी बाजारात हवा होतो. त्यांचा डावा डोळा अधू व्हायला लागला होता आणि दात पाहायला दुसरे डोळे लागत होते. मग नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सरांच्या हातावर टाकला. महाजन सर बिचारे घाबरले. त्यांना वाटलं हात पुसायला दिला.

"सर," नाना म्हणाले, "पोऱ्या ढाल लयना ते तुमना. नही लयना ते मन्हा. काही मागेपुढे?"

सर म्हणाले, "नाही नाही, ठीक आहे." इतक्या लवकर कबूल झालेला माणूस नानांनी पाहिला नव्हता. सर गेल्यावर ते किती तरी वेळ म्हणत होते की या माणसाला घरातलं वाणसामानही आणू देऊ नये.

तर असा मी पणाला लागलो. ढाल आली तर जळगाव, नाही आली तर दावं. आणि आता देवरे सरांचा बैल. हा मुद्दा मी टाळू शकलो असतो, पण पुढे-मागे देवरे सरांच्या बाजूचं कोणी तो काढेलच, म्हणून मीच काढतो. देवरे सर धुळ्याला गणिताचे नावाजलेले शिक्षक, गावाकडे थोडी शेती. त्याच उन्हाळ्यात ते आमच्या बाजारात आले आणि नानांच्या मध्यस्थीने एक पांढरा बैल घेऊन गेले. दावं मी धरलं होतं. टॉवेलाखाली बोटं चालू असताना सर हसून म्हणाले, "नाना, काही मागेपुढे?" नानांनी रीतीप्रमाणे थोडं सोडलं. सर खूश होऊन गेले. पुढे कळलं की तो बैल औताला जुंपला की चार पावलं चालायचा आणि बसायचा. मारलं तरी बसायचा, गोंजारलं तरी बसायचा. हे नानांना आधी ठाऊक होतं की नव्हतं, हा वेगळा विषय आहे आणि त्याचा गणिताशी संबंध नाही.

स्पर्धेच्या दिवशी मायने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. एसटी एरंडोल, पारोळा करत निघाली. महाजन सर शेजारी बसून मला प्रत्येक मैलाचा दगड फोडायला लावत होते आणि पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून वळून बघत होती की हे दोघं दगडांना काय म्हणतात. धुळ्याच्या सभागृहात पंखे होते आणि ते फिरत होते, याचाच मला अचंबा. परीक्षक म्हणून मधल्या खुर्चीत देवरे सर. त्यांनी मला पाहिलं, माझं गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, आणि म्हणाले, "अच्छा. नानांचे तुम्ही. वा." मला वाटलं, ओळख निघाली, बरं झालं. माणूस किती भाबडा असतो.

एकेक करत सगळे गळाले आणि शेवटी दोघं उरलो. मी आणि जळगावची एक मुलगी. दोन वेण्या, चष्मा, आणि उत्तर देण्याआधी घोटभर पाणी प्यायची सवय. गुण सारखे. शेवटचा प्रश्न. पहिली पाळी माझी. मी चुकलो तर तिची. देवरे सर उठले, फळ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिलं: ७,२०,७२०. आणि म्हणाले, "या संख्येचे एकूण विभाजक किती?"

आजही ती संख्या डोळ्यांसमोर आली की माझा राग क्षणभर बाजूला होतो. काय जनावर होतं! सातशेवीस, सातशेवीस, एकाला एक जोडून उभे केलेले. म्हणजे सातशेवीस गुणिले एक हजार एक. एक हजार एक म्हणजे सात, अकरा आणि तेरा, हे महाजन सरांनी मला एरंडोलच्या अलीकडेच दिलं होतं. सातशेवीस म्हणजे दोन चार वेळा, तीन दोन वेळा, पाच एकदा. पाच त्रिक पंधरा, आणि पुढे चार वेळा दुप्पट. मी मनात भराभर चढत गेलो: तीस, साठ, एकशेवीस, दोनशे चाळीस. नंतर कळलं की ही सात लाख वीस हजार सातशेवीस मोठी नामांकित असामी आहे. एकपासून सोळापर्यंत कोणालाही आणा, ती बाकी न ठेवता वाटली जाते. सतराला मात्र अडते. तिच्याहून लहान एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत. विपुल तर इतकी की स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्या साडेतीन पटीच्या वर जाते. आकड्यांची बेरीज अठरा, आणि अठराने ती भागली जाते, म्हणून तिला हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असंही म्हणतात. मला तिने जो आनंद दिला तो आता सांगतो.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "दोनशे चाळीस."

महाजन सरांनी पहिल्या रांगेत डोळे मिटून मान हलवली. मला कळलं, बरोबर आहे. देवरे सरांनी चष्मा काढला. खांद्यावरचं उपरणं काढलं, टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला. आणि अगदी प्रेमाने, बाजारात ज्या आवाजात म्हणाले होते त्याच आवाजात, म्हणाले:

"दोनशे चाळीस? काही मागेपुढे?"

माझा हात आपोआप पुढे गेला. समोर वडीलधारा माणूस, उपरणं, आणि तो शब्द. सोळा वर्षांचं वळण एका बाजूला आणि गणित दुसऱ्या बाजूला. ओट्यावरच्या त्या पाच भाकऱ्या मला दिसल्या. शंभरामागे दीड-दोन म्हणजे किती, हा हिशेब माझ्या डोक्याने माझ्या परवानगीशिवाय केला.

"सर, तुमच्यासाठी," मी म्हणालो, "दोनशे छत्तीस."

पंखे तेवढे फिरत राहिले. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं सभागृह फुटलं. महाजन सर उभे राहून ओरडले, "अरे, भाकरी आहे का ती!" देवरे सरांनी शांतपणे चष्मा घातला. "दोनशे छत्तीस. चूक. जळगाव?"

ती मुलगी घोटभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "दोनशे चाळीस."

"बरोबर."

तिला विचारलं नाही. काही मागेपुढे, काही कमी-जास्त, काही नाही. माझाच माल माझ्याच समोर दुसऱ्याच्या नावावर लागला, मी सांगितलेल्या भावाला, आणि वर टाळ्या. मी तिथेच ओरडलो. काय ओरडलो ते छापण्याजोगं नाही, पण त्यात बैलाचा उल्लेख होता. महाजन सरांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर त्यांनी मला शेवभाजी खायला घातली आणि स्वतः काही खाल्लं नाही. परतीच्या एसटीत मैलाचे दगड आले आणि गेले. कोणीही ते फोडले नाहीत. पारोळ्याच्या पुढे सर एवढंच म्हणाले, "भावाला कळवलं होतं रे मी. खोली झाडून ठेवली असेल त्याने." हे वाक्य मी देवरे सरांच्या खात्यावर मांडून ठेवलेलं आहे.

घरी मायने माझं तोंड पाहिलं आणि न विचारता पाच भाकऱ्या वाढल्या. आयुष्यात पहिल्यांदा भाव न करता. तेव्हा मी रडलो. नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"पन तू कमी काब्र करं?"

"त्यासनी मागेपुढे इचारं ना, नाना."

नानांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ते इतके हसले की खोकला लागून त्यांना पाणी द्यावं लागलं. "बैल बी बसना," डोळे पुसत ते म्हणाले, "आनि तुन्हा आकडा बी बसना. मास्तर मोठा दलाल शे रे! हिसाब फिटना." बैलही बसला, आकडाही बसला, हिशेब फिटला; त्यांच्या लेखी व्यवहार तिथे संपला. माणसाला स्वतःच्या बापाने असं एका बैलात वळतं करून टाकावं, याचं मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं. दुसऱ्या बाजाराच्या दिवशी मी दावं धरलं.

मी काही रडत बसलो नाही. बाजारातून यावलला केळीत शिरलो, दुसऱ्याच्या ट्रकवरून स्वतःच्या ट्रकवर आलो, आणि आज केळी पिकवायच्या खोल्या माझ्या मालकीच्या आहेत. भाव करताना मी समोरच्याच्या घशातून आवंढा काढून घेतो असं लोक म्हणतात, आणि खरं म्हणतात. फक्त माझ्यासमोर कोणी "मागेपुढे" हा शब्द काढला की माझं डोकं फिरतं. एका दिल्लीच्या व्यापाऱ्याला मी एवढ्यावरून चहा अर्धाही पिऊ दिला नव्हता. कॉलेज मी आतून पाहिलं ते मुलीच्या प्रवेशाच्या वेळी, आणि तिथेही कारकुनाशी भांडलो. परवा नातीने मोबाईलमध्ये ती संख्या टाकली. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं: दोनशे चाळीस. मी तिला म्हटलं, आता त्याला विचार, काही मागेपुढे? तिने खरंच विचारलं. मोबाईल एकाने खाली आला नाही. यंत्राला वळण लावणारं कोणी नसतं, हे त्याचं भाग्य.

गेल्या लग्नसराईत धुळ्याला एका लग्नात देवरे सर भेटले. हातात काठी, कान शाबूत, दात त्यांचे नव्हते. पंगतीत मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो आणि जिलबी वाढली जात असताना सरळ विचारलं, "सर, ओळखलं का?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "दोनशे छत्तीस," ते म्हणाले. "बस बस. तब्येत सुधारली तुझी."

"सर, तुम्ही मला फसवलंत."

"मी नुसतं विचारलं रे. कमी तू केलंस."

"मग त्या मुलीला का नाही विचारलंत?"

सरांनी जिलबीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला, सावकाश संपवला. मग म्हणाले, "तिच्या बापाने मला बैल विकला नव्हता." आणि वाढप्याला हाक मारून माझ्या ताटाकडे बोट दाखवत म्हणाले, "याला चार जिलब्या जास्त वाढ. जुनं देणं आहे."

आजूबाजूचे हसले. मीही त्या वेळी हसलो, पंगत होती म्हणून. जिलब्या मी खाल्ल्या नाहीत. एक खाल्ली. पण चार जिलब्यांत हे मिटलं असं सरांनी किंवा त्यांच्या बाजूच्या कोणी समजू नये, म्हणून हे छापून ठेवतो आहे. मी सात लाख वीस हजार सातशेवीसला तिच्या दोनशे चाळीसही विभाजकांनी भागून पाहिलं आहे. एकाकडूनही बाकी उरली नाही. सगळे उभे आहेत, सगळे चालतात, एकही बसत नाही. तरीही तुम्ही मागेपुढे विचारलंत, सर, म्हणजे त्यांतले काही कमी होऊ शकतात असं तुम्ही भर सभेत सुचवलंत, आणि मी चार सोडले. तर ते चार कोणते? तुमचे कान शाबूत आहेत, डोकं माझ्याहून चांगलं आहे. महाजन सर आता नाहीत, खोली झाडून ठेवणारा त्यांचा भाऊही नाही. विचारणारा मी एकटाच उरलो आहे. त्या चौघांची नावं सांगा. चारच्या चार. तिनावर मी राजी होणार नाही.